चार मिनिटं बावन्न सेकंद

विट्याची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर गेली. माझे एक काका कोइमतूरला आहेत, चुलतभाऊ सिलिगुडीला. मी सांगलीच्या पुढं गेलो नाही. गावभागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. पाटीवर 'जयराज कॉम्प्युटर्स' असं लिहून घेतलं. वरच्या मजल्यावर 'अचूक टायपिंग इन्स्टिट्यूट' होती. सकाळी सातपासून माझ्या डोक्यावर चोवीस टाइपरायटर चालायचे. पहिल्या महिन्यात डोकं दुखलं, दुसऱ्या महिन्यात कान सरावले आणि तिसऱ्या महिन्यात रविवारच्या शांततेत काम सुचेनासं झालं.

इन्स्टिट्यूट चिंतामण सोहनींची. सगळे त्यांना सोहनी सर म्हणत. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईसुद्धा चारचौघांत सरच म्हणत. उंच, किरकोळ अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि गळ्यात नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. टायपिंगची गती तपासायला ते लागायचं. बोलणं कमी. त्यांना हसताना मी तीनदा पाहिलंय, आणि त्यातल्या एका वेळी त्यांना शिंक येत होती असं नंतर कळलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी सरकारनं ठरवलं की टायपिंगची परीक्षा इथून पुढं संगणकावर. बाकीचे संस्थाचालक निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर गेले. त्या दिवशी सर माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, बारा संगणक हवेत, जुने चालतील. मिरजेत एक ऑफिस बंद पडलं होतं, तिथले बारा मी आणून दिले, पुसून, तपासून, वर नेऊन लावले. टाइपरायटर मागच्या खोलीत गेले. प्रत्येकावर सरांनी स्वतः झाकण घातलं.

पहिल्या दिवशी सातच्या बॅचला मुलं येऊन बसली. सरांनी बाराही बटणं दाबली आणि त्याबरोबर स्टॉपवॉचही दाबलं. त्यामागं काही हेतू नव्हता. वर्गात काही सुरू झालं की घड्याळ सुरू करायचं, ही तीस वर्षांची सवय. पहिला संगणक तीन मिनिटं दहा सेकंदांनी तयार झाला, शेवटचा पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी. मी दुकान उघडायला आलो तेव्हा सर खाली उभे होते. यंत्रं बिघडलीत का, असं त्यांनी विचारलं. मी वर जाऊन पाहिलं. सगळी ठणठणीत होती. संगणकाला चालू व्हायला तेवढा वेळ लागतोच, असं मी सांगितलं.

"टाइपरायटरला लागत नाही," सर म्हणाले.

मी खाली येऊन दुकान उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून सर सहाला येऊ लागले. बॅच साठ मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं यंत्रानं खाल्ली तर ती मुलांची खाल्ली, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी कुणाला ऐकवला नाही. फक्त तासभर आधी येऊन सगळी यंत्रं जागी करून ठेवायची, आणि शेवटची बॅच सुटली की एकेक बंद होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. बंद व्हायलाही वेळ लागतो हे त्यांना फारच खटकलं. चालू व्हायला वेळ लागतो हे एक वेळ समजू शकतो, ते म्हणाले, पण जायला निघालेल्या माणसानं उंबऱ्यात दीड मिनिट का उभं राहावं? मी सांगितलं की आत बऱ्याच गोष्टी उघड्या असतात, त्या तो एकेक करून मिटवतो. सरांनी ते ऐकून घेतलं.

मग वही आली. शंभर पानी, आडव्या रेघांची. रकाने होते: यंत्र क्रमांक, प्रणाली, चालू, बंद, शेरा. पहिली नोंद टाइपरायटरची होती: 'गोदरेज मराठी. चालू ०. बंद ०. झाकण घालण्यास चार सेकंद.' त्याखाली बारा संगणक, रोज. शेऱ्यात काय वाटेल ते असायचं. 'थंडी. सहा सेकंद जास्त.' 'जोडून सुट्टी आल्याने सुस्त.' 'कारण कळत नाही.' हा शेवटचा शेरा सगळ्यात जास्त वेळा होता.

माझा त्यांच्याशी एकच वाद झाला. पडद्यावर चित्र आलं की संगणक चालू झाला, असं माझं म्हणणं. आमच्या धंद्यात तसंच धरतात. सरांना ते मान्य नव्हतं. चित्र आल्यावरही गोल चक्र फिरत राहतं, बोट लावलं तर काही होत नाही. "पहिलं अक्षर उमटलं की चालू," ते म्हणाले. मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या दुकानातही तसंच धरायला लागलो. त्यामुळं माझ्या गिऱ्हाइकांचे संगणक एकदम हळू झाले.

पुढं दोन संगणकांवर मी लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला झेपते. ती पहिल्यांदा बंद केली तेव्हा सहा सेकंदांत पडदा काळा झाला. सरांनी स्टॉपवॉच पाहिलं, मग वाकून यंत्राच्या मागं पाहिलं, मग डब्याला हात लावून पाहिला. इतक्या लवकर सगळं आवरलं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तो पुन्हा चालू करून बंद केला. पुन्हा सहा. वहीत नोंद झाली, शेरा मात्र मोकळा राहिला. एका डॉक्टरांचा मॅक माझ्याकडं दुरुस्तीला आला होता, तोही त्यांनी रीतसर परवानगी विचारून मोजला. डॉक्टरांना वाटलं, ही दुरुस्तीचीच एक पायरी आहे.

खरी गोष्ट सापडली ती नवीन विंडोज घातल्यावर. यंत्रं जुनीच, डिस्क जुनीच, पण सकाळी चालू व्हायला चार मिनिटांच्या जागी सव्वा मिनिट लागायला लागलं. मी खूश झालो. सरांनी महिनाभर नोंदी घेतल्या आणि एक दिवस वही घेऊन खाली आले. रात्री बंद करून सकाळी चालू केला तर सव्वा मिनिट. पण मधेच 'रीस्टार्ट' दिलं, किंवा लाईट जाऊन आली, की तोच संगणक चार मिनिटं घेतो. असं का?

मी शोधून काढलं आणि त्यांना सांगितलं. नवीन विंडोजमध्ये आपण बंद करतो तेव्हा तो पुरता बंद होत नाही. निम्मा संसार तसाच गुंडाळून डिस्कवर ठेवतो आणि झोपतो. सकाळी तोच पसरतो, म्हणून लवकर उठल्यासारखा वाटतो. रीस्टार्टला किंवा लाईट गेल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. जुन्या, फिरणाऱ्या डिस्कवर त्याला वेळ लागतो. नवीन पद्धतीची डिस्क असली तर फरक जाणवतही नाही.

सर वही घेऊन वर गेले. दुसऱ्या दिवशी वहीत एक रकाना वाढला होता. त्याचं नाव 'खरं चालू'.

अशी वर्षं गेली. वह्या सात झाल्या. यंत्रं बदलली. लोक सरांना थोडं हसायचे. मीही हसायचो, पण दुकानात आलेला संगणक मोजल्याशिवाय परत देत नव्हतो.

क्रांती आली ती दोन वर्षांपूर्वी. कडेगाव तालुक्यातल्या एका गावची, घरचा ऊस, भाऊ सैन्यात. सांगलीत मावशीकडं राहून शिकत होती. कोर्टातल्या कारकुनाच्या जागा निघणार होत्या आणि त्यासाठी मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं. मिनिटाला तीस शब्द आले की पास. क्रांती सरावात अडतीस काढायची. सर तिच्याविषयी एवढंच म्हणाले की ही मुलगी कीबोर्डकडं बघत नाही. त्यांच्या बोलण्यात याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

परीक्षेचं केंद्र शहराबाहेरच्या एका कॉलेजात होतं. आदल्या दिवशी संस्थाचालकांना केंद्र बघायला बोलावलं होतं. बाकीचे आले, खोली बघितली, चहा घेतला, गेले. सरांना मी गाडीवर घेऊन गेलो होतो. प्रयोगशाळेत तीस संगणक, तीन रांगा. पहिल्या रांगेत दहा नवे, नव्या डिस्कचे. मधल्या रांगेत दहा लिनक्सचे. मागच्या रांगेत दहा जुने, त्यांच्यावर नवीन विंडोज चढवलेलं. प्रयोगशाळा बघणाऱ्या संयोगिता मॅडमना सरांनी विचारलं, सगळे एकदा रीस्टार्ट करून बघू का. कशासाठी, असं मॅडमनी विचारलं. "वेळ मोजायला," सर म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना एक खुर्ची दिली. आमचे सगळे एक मिनिटात चालू होतात, रजिस्टरला नोंद आहे, असंही त्यांनी सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि पहिल्या यंत्रापासून सुरुवात केली. अडीच तास लागले. पहिली रांग बावीस सेकंदांच्या आसपास. मधली पन्नासच्या आसपास. मागची चार मिनिटं वीस, कुठं पंचवीस. सत्तावीस नंबरचा संगणक चार मिनिटं एकतीस.

दुसऱ्या दिवशी क्रांतीला सत्तावीस नंबर मिळाला.

परीक्षा सुरू असताना संस्थाचालकांना आत सोडत नाहीत. सर आणि मी रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्यावर बसलो होतो. तिथून प्रयोगशाळेच्या भिंतीतला एक्झॉस्ट पंखा दिसायचा. अकरा वाजून चार मिनिटांनी तो पंखा हळू होत थांबला. सरांनी स्टॉपवॉच दाबलं. अकरा सेकंदांनी जनरेटरचा आवाज आला आणि पंखा परत फिरायला लागला. चहावाला म्हणाला, आली लाईट. सरांनी स्टॉपवॉच थांबवलं नाही. ते हातात धरून बसून राहिले आणि चहावर साय धरली.

आत काय झालं ते नंतर कळलं. यूपीएसच्या बॅटऱ्या गेलेल्या होत्या, त्यामुळं तीसच्या तीस संगणक बंद पडले. त्या वेळी गतीचा उतारा चालू होता, सात मिनिटांचा. परीक्षेचं घड्याळ दुसरीकडच्या मोठ्या संगणकावर चालत होतं, ते थांबलं नाही. पर्यवेक्षकांनी वर फोन लावला. वरून सांगण्यात आलं की सगळ्यांना सारखी तीन मिनिटं वाढवून द्या. तसं जाहीर झालं. पहिल्या रांगेतली मुलं अर्ध्या मिनिटात परत टाइप करत होती. त्यांना अडीच मिनिटं जास्तीची मिळाली. एका मुलानं उतारा संपवून पहिल्यापासून वाचूनही काढला. मागच्या रांगेतली मुलं हात मांडीवर ठेवून चक्र बघत होती. तीन मिनिटं उलटली तेव्हाही ती चक्रच बघत होती.

क्रांती बाहेर आली ती सरळ आमच्याकडं. ती रडत नव्हती. "सर, मी हात थांबवला न्हवता," ती म्हणाली. "कॉम्प्युटरच उठंना."

सरांनी तिला बसायला सांगितलं. खिशातून आदल्या दिवशीचा कागद काढला. अकरा सेकंद लाईट नव्हती, चार मिनिटं एकतीस सेकंद यंत्र उठायला, त्यातली तीन मिनिटं भरून दिली. उरलं एक मिनिट बेचाळीस सेकंद. तेवढे तुझे गेले, त्यांनी सांगितलं, तुझ्या गतीनं साधारण चौसष्ट शब्द. क्रांतीनं तो कागद दोनदा वाचला. पुढं ती मला म्हणाली की आपलं नेमकं किती गेलं हे कळल्यावर तिला भूक लागली. आम्ही तिघांनी तिथंच वडापाव खाल्ला.

दीड-दोन महिन्यांनी निकाल लागला. पहिल्या रांगेतली दहाही मुलं पास. मधल्या रांगेतली आठ. मागच्या रांगेतलं एकही नाही. मागच्या रांगेत सरांच्या इन्स्टिट्यूटची तीन मुलं होती, बाकीची सात इतर संस्थांची. सरांनी परीक्षा विभागाला अर्ज लिहिला तो दहाही मुलांसाठी. त्यांना न विचारता लिहिला, मग एकेकाचा पत्ता शोधून सह्या आणल्या. तासगावला दोन, मिरजेत तीन, एक आष्ट्याला, एक सांगलीतच. मी गाडी चालवली.

अर्जाला उत्तर आलं: 'सर्व परीक्षार्थींना समान वाढीव वेळ देण्यात आला असल्याने अन्याय झाल्याचे दिसून येत नाही.' सरांनी ते वाचलं आणि फाइलला लावलं. दुसरा अर्ज गेला, सोबत तीस यंत्रांचा तक्ता. उत्तर आलं की सदर तक्ता खाजगी व्यक्तीने तयार केलेला असून केंद्राच्या नोंदवहीनुसार सर्व संगणक एका मिनिटात चालू होतात. तिसरा अर्ज गेला. त्यात 'बंद करून चालू करणे' आणि 'वीज जाऊन चालू होणे' यातला फरक सरांनी दीड पानात लिहिला होता. तो मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. वीस वर्षं या धंद्यात असून मला तो इतका स्वच्छ सांगता आला नसता.

मधे एकदा क्रांतीचे वडील लालासाहेब आले. डोक्याला टोपी, हातात गुळाची ढेप. सरांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. लालासाहेब बराच वेळ संगणकाकडं बघत बसले. मग म्हणाले, "आवं सर, उसाला पाणी देताना लाईट गेली तर आमी मोटर परत चालू करतो. पाणी कुठवर आलं हुतं ते रान दावतं. हितं कोण दावणार?"

"मी दाखवतो," सर म्हणाले.

जूनमध्ये सुनावणीचं पत्र आलं. विभागाचे अधिकारी त्या आठवड्यात साताऱ्याला होते, म्हणून सुनावणी तिथं. सर, क्रांती, लालासाहेब आणि मी पहाटेच्या एसटीनं निघालो. संयोगिता मॅडमना केंद्राचं रजिस्टर घेऊन बोलावलं होतं. त्या कॉलेजच्या गाडीनं आल्या आणि आमच्याच बाकावर बसल्या. चष्म्याची काच पुसत त्या मला हळूच म्हणाल्या की रजिस्टरमधली नोंद खोटी नाही. मी म्हणालो, माहीत आहे.

अधिकारी साठीकडं झुकलेले, दमलेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांना बसवलं. मॅडमनी रजिस्टर उघडून दाखवलं: सर्व संगणक एक मिनिट. अधिकाऱ्यांनी सरांना विचारलं की यावर तुमचं काय म्हणणं. सर म्हणाले, नोंद बरोबर आहे, पण ती झोपलेल्या संगणकाची आहे. लाईट गेली की तो झोपत नाही, पडतो. अधिकारी म्हणाले, हे तुमचं मत झालं. सरांनी वह्या टेबलावर ठेवल्या. सात वह्या. अधिकाऱ्यांनी वरची उघडली, थोडा वेळ चाळली आणि मिटली. इतक्या वर्षांत कुणीतरी हे लिहून ठेवलंय याचाच त्यांना जास्त त्रास झालेला दिसला.

मग ते म्हणाले की तीन मिनिटं वाढवण्याचा आदेश मुळात कोणत्या शब्दांत होता ते बघू, ईमेल माझ्याकडं आहे. त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा माउस हलवला. काही झालं नाही. सकाळपासून असाच अडकलाय, ते म्हणाले, आणि डब्याचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

सरांचा हात गळ्याशी गेला. टिक असा आवाज झाला. खोलीत तो सगळ्यांना ऐकू आला.

आम्ही बसलो. पडद्यावर कंपनीची खूण आली. अधिकारी खुर्चीत मागं टेकले. भिंतीवर एका सहकारी बँकेचं कॅलेंडर होतं, ते मी वाचलं. लालासाहेबांनी पाणी मिळेल का असं विचारलं, शिपायानं आणून दिलं, ते त्यांनी पिऊन पेला परत दिला. मॅडमनी रजिस्टर पिशवीत घातलं, परत काढलं. क्रांती पडद्याकडं बघत होती. तिची बोटं गुडघ्यावर हलत होती, हे माझ्या लक्षात आलं. पडद्यावर चक्र फिरत होतं.

"तीन मिनिटं झाली," सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग क्रांतीकडं, मग पुन्हा पडद्याकडं. चक्र फिरतच होतं. थोड्या वेळानं चित्र आलं. अधिकारी पुढं सरकले आणि त्यांनी ईमेल उघडायला टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. शेवटी खिडकी उघडली आणि त्यांनी पासवर्डचं पहिलं अक्षर दाबलं. सरांनी स्टॉपवॉच थांबवलं.

"किती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चार मिनिटं बावन्न सेकंद."

अधिकाऱ्यांनी पासवर्ड पुरा केला नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, तुमचे मागच्या रांगेतले असेच आहेत का. मॅडम म्हणाल्या की थोडे बरे आहेत, साहेब, अर्ध्या मिनिटानं. अधिकाऱ्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली मॅडमची सही घेतली. कॉलेजात त्यांना याबद्दल पुढं बोलणी खावी लागली. पण मागच्या रांगेला नव्या डिस्क आल्या त्याही त्यानंतरच.

सव्वीस दिवसांनी आदेश निघाला. मागच्या रांगेतल्या दहा परीक्षार्थींची फेरपरीक्षा, फी न घेता. सरांनी आदेश वाचून फाइलला लावला आणि मला विचारलं की तासगावच्या दोघांना आज सांगायला जायचं की उद्या.

ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा झाली. दहापैकी आठ आली. एका मुलीचं लग्न झालं होतं, एक मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. आठांतली सात पास झाली. आठवा मुलगा नापास झाला, तो बाहेर येऊन सरांना म्हणाला की या वेळी चूक त्याचीच आहे. सर म्हणाले, ल आणि ळ मध्ये घोळ होतो तुझा, सोमवारपासून ये. तो त्यांच्या इन्स्टिट्यूटचा नव्हता. तो सोमवारपासून यायला लागला. क्रांतीनं एक्केचाळीस शब्द काढले.

पण कोर्टाच्या जागांची मुदत मे महिन्यातच संपली होती. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा त्या जागांवर माणसं रुजूही झाली होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ही गोष्ट ऐकताना लोक इथं टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. क्रांतीनं त्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये पेढे वाटले, मावशीकडं गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सर तिसऱ्या दिवशी मावशीच्या घरी गेले. मी दाराशीच होतो. त्यांनी तिला समजूत वगैरे घातली नाही. कडेगावात मराठी टायपिंग शिकवणारं कुणी आहे का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, न्हाई. सर म्हणाले, मग विचार कर.

तिनं चार महिने विचार केला. लालासाहेबांनी रस्त्याकडची खोली रिकामी करून दिली. तिथं आधी खताची पोती असायची, वास जायला तीन आठवडे लागले. सहा संगणक मी लावून दिले, सगळे नव्या डिस्कचे. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर घरात चर्चा झाली. सरपंच, कारखान्याचे संचालक अशी नावं निघाली. क्रांतीनं सोहनी सरांना बोलावलं. सर एसटीनं गेले, नारळ फोडला आणि पहिल्या तीन बॅचची नावं ऐकली. चौदा मुली आणि एक निवृत्त फौजी होता. त्या फौजीला आपल्या आठवणी टाइप करून ठेवायच्या होत्या. लालासाहेबांच्या घरी जेवणाचा आग्रह झाला. सर एरवी दोन चपात्यांचा माणूस. त्या दिवशी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

परतीच्या एसटीत त्यांना झोप लागली. सांगली स्टँड कधी गेला कळलंच नाही. मिरजेच्या डेपोत कंडक्टरनं हलवून उठवलं. सर म्हणतात, तो माणूस फार सभ्य होता, त्यानं आधी दोनदा 'काका' म्हणून हाक मारली होती. तिथून ते सिटी बसनं परत आले. इकडं संध्याकाळी सहाची बॅच येऊन बसली होती आणि सरांचा पत्ता नव्हता. मी दुकानातून वर गेलो, मुलांना सोडून देऊ का असं विचारायला.

वर अनसूयाबाई बॅच घेत होत्या. पदर खोचून त्या एका मुलाच्या मागं उभ्या राहिल्या होत्या आणि त्याला बोटं दाखवत होत्या, वेगानं, कीबोर्डकडं न बघता. मला त्या म्हणाल्या की लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची चाळीस शब्दांची परीक्षा पास केली होती, पहिल्या क्रमांकानं. सर तेव्हा दुसरे आले होते.